रजिस्टरातली वांगी

तंजावुरात राजवाड्याच्या मागच्या गल्लीत जाऊन तुळजाजीराव कुठे राहतात असं विचारलंत, तर चार माणसं तरी डोकं खाजवतील. त्यापेक्षा ‘तेरियादु सार’ कुठे राहतात असं विचारा, कुणीही थेट दारापर्यंत आणून सोडेल. तेरियादु म्हणजे तमिळमध्ये ‘माहीत नाही’. एखाद्या माणसाला असं नाव पडलं, तर तो ठार अडाणी असावा असं वाटेल. तुळजाजी अडाणी नव्हते. जे स्वतः मोजलं नाही, ते माहीत आहे असं त्यांना म्हणवत नसे, एवढाच काय तो दोष. पण हा दोष इतका जुनाट होता की त्यांच्या लग्नातही तो आडवा आला होता.

मुलगी बघायला कुंभकोणमला गेले, तेव्हा सासऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, “आमच्या मुलीला सुखात ठेवाल ना?” अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस मान डोलावतो आणि पुढ्यातल्या केसरीच्या शिऱ्याला हात घालतो. तुळजाजी म्हणाले, “आत्ता कसं सांगू? वर्षभर बघून कळवतो.” दाराआड मुलगी पोट धरधरून हसली आणि म्हणाली, करीन तर ह्यालाच करीन. लग्न झालं. बरोब्बर एक वर्षानं सासऱ्यांना पत्र आलं: ‘वर्ष झालं. ती सुखात आहे, असं तिचं म्हणणं आहे.’ पुढं हरिप्रिया चार वर्षांची असताना ती बाई तापाचं निमित्त होऊन गेली. तुळजाजींना त्यानंतर कित्येक वर्षं तिचं नाव घेता आलं नाही. त्यांची थोरली बहीण ताराबाई, नवरा गेल्यापासून माहेरीच होत्या, त्यांनी हरिप्रियाला वाढवलं. त्यांचा स्वभाव भावाच्या बरोबर उलटा. त्यांना माहीत नाही अशी गोष्ट जगात नव्हती.

तर अशा ह्या माणसाला नोकरीही मिळाली ती मोजण्याचीच. पापनाशमच्या रस्त्याला एक संशोधन मळा आहे. तिथं तुळजाजी बाविसाव्या वर्षी लागले आणि भाताच्या लोंब्या, लोंबीतले दाणे, पानावरचे किडे मोजत मोजत अठ्ठावन्नाव्या वर्षाला येऊन पोचले. डोक्यावर टोपी, खिशात दोन पेनं आणि काखेत हिरव्या कापडी बांधणीचं रजिस्टर. नव्या पोरींनी संगणक आणले, तरी शंका आली की सगळे त्या हिरव्या रजिस्टराकडेच वळत.

शेवटच्या हंगामात त्यांच्या वाट्याला वांगी आली. साधीसुधी वांगी नव्हेत. फळ पोखरणाऱ्या अळीनं हात टेकावेत म्हणून प्रयोगशाळेत ज्यांच्या बियाण्यात बाहेरचा एक जनुक घातला होता, ती. ह्या वांग्यांना अळी लागत नाही असं करणाऱ्यांचं म्हणणं. माणसाला, मधमाशीला, शेजारच्या शेताला त्याचं काय होईल ते अजून पुरतं कळलेलं नाही असं विचारणाऱ्यांचं म्हणणं. दोन्ही म्हणणी ऐकून सरकारनं म्हटलं, आधी छोट्याशा तुकड्यात लावा, मोजा, आणि मग बोला. एवढं म्हणायलाच दिल्लीला आणि चेन्नईला मिळून दोन वर्षं लागली.

परवानगीबरोबर नियमांचं बाड आलं. भोवती तीनशे मीटरमध्ये दुसरं वांगं नको. जाळी हवी, कुलूप हवं. आत येणाऱ्याची सही हवी. आणि मुख्य म्हणजे इथं पिकलेलं इथंच संपवायचं. एक बी, एक पान बाहेर जाता कामा नये. खाण्याचा तर प्रश्नच नाही. शेवटी सगळं खड्ड्यात जाळून पुरायचं. तपासणी पथक केव्हाही येईल, आणि त्याचा अहवाल बरा गेला तरच दुसऱ्या वर्षाची परवानगी. तसं झालं नाही, तर डॉक्टर मुरलीकृष्ण ह्या तरुण शास्त्रज्ञाची पाच वर्षं मातीत.

लोक म्हणत, “सार, इतकं कोण पाळतं? पुराणातली वांगी पुराणात!” तुळजाजींना ही म्हणच पटत नसे. पुराणात जितकी वांगी असतील, तितकीच पानात असली पाहिजेत. नसतील तर पुराण तरी दुरुस्त करावं. त्यांनी साठ झाडं निवडली, प्रत्येक फळाच्या देठाला दोऱ्यानं नंबराची पट्टी बांधली, आणि रोज सकाळ-संध्याकाळ मोजायला लागले. मासी महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटाला, आकडा चारशे बारावर गेला. वांगी अशी काही धरली होती की पाहत राहावं. जांभळी, पांढऱ्या रेषांची, तकतकीत.

आणि त्याच सुमाराला हरिप्रिया बाळंतपणासाठी कोइमतूरहून माहेरी आली. सातवा महिना लागलेला. एका दुपारी ताराबाईंबरोबर अप्पांचा डबा घेऊन ती मळ्यावर गेली. फाटकावर पहारेकरी रमणनं दोघींच्या सह्या घेतल्या. जाळीच्या बाहेर उभी राहून ती आत बघत राहिली, आणि बघता बघता तिच्या तोंडाला पाणी सुटलं.

“अप्पा, ते एक वांगं मला पाहिजे.”

“कुठलं?” तुळजाजींनी सवयीनं विचारलं.

“ते, तिसऱ्या ओळीतलं. खाली लोंबतंय बघा. चिंच-गूळ घालून, भरून, वरनं तेल सोडून...” तिनं डोळे मिटले.

“ते खायचं नाही, कन्ना.”

“विष आहे?”

“तसं कुणी म्हटलेलं नाही.”

“मग चांगलं आहे?”

“तसंही कुणी म्हटलेलं नाही. माहीत नाही. म्हणून तर इथं आहे ते.”

हरिप्रिया त्यांचीच मुलगी, तिला कळलं. “सरि, बरं अप्पा,” म्हणाली आणि हसली. पण ताराबाईंचा चेहरा उतरला. गरोदर बाईनं तोंडानं मागितलेली वस्तू! परक्यानं सुद्धा नाही म्हणू नये. आणि इथं सख्खा बाप नाही म्हणतो! डोहाळे पुरवले नाहीत की बाळाचे कान फुटतात, हे त्यांना त्यांच्या आजीनं सांगितलं होतं, आजीला तिच्या आजीनं, आणि ती साखळी पार राजांच्या मुदपाकखान्यापर्यंत जात होती.

तुळजाजींनी बाजार पालथा घातला. तिरुवैयारुहून पांढरी आणली, कुंभकोणमहून हिरवी आणली, बसच्या टपावरून टोपलीभर काटेरी आणली. आठवडाभर घरात वांग्यांशिवाय दुसरं शिजलं नाही. हरिप्रिया बिचारी आवडीनं खाई आणि प्रामाणिकपणे म्हणे, “मस्त आहे, अप्पा. पण ते नव्हे.” ह्या प्रामाणिकपणाचं बी कुठून आलं, ते सांगायला नको. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानांचं मनावर घेऊ नका. ताराबाई म्हणाल्या, त्या डॉक्टरीणबाईंना स्वतःला किती मुलं आहेत?

मग आला तो मंगळवार. ताराबाई एकट्याच डबा घेऊन मळ्यावर गेल्या. तुळजाजी लिंबाखाली जेवायला बसले. जाळीचं कुलूप त्यांनी नुसतं अडकवलं होतं, दाबलं नव्हतं, कारण जेवून लगेच परत जायचं होतं. छत्तीस वर्षांत अशी हयगय पहिलीच. “हात धुऊन येत्ये,” म्हणून ताराबाई उठल्या, नळाकडे गेल्या, आणि दहा मिनिटांनी रिकामा डबा घेऊन, फाटकावर सही करून, शांतपणे बसमध्ये बसल्या. त्यांच्या नऊवारीचा ओचा जरा जड दिसत होता, पण सत्तरीच्या बाईच्या ओच्यात काय आहे हे विचारायची रमणची काय टाप!

संध्याकाळी मोजणी झाली. चारशे अकरा.

तुळजाजी पुन्हा मोजायला लागले. चारशे अकरा. टोपी काढली, चष्मा पुसला, उलट्या टोकाकडून मोजलं. चारशे अकरा. अडतिसाव्या झाडाचं सातवं फळ गायब होतं.

मुरलीकृष्ण धावत आला. आधी त्यानं झाडाखाली शोधलं, मग आभाळाकडे बघितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, “सार, उद्या सकाळी तपासणी आहे. आत्ताच फोन आला. चारशे बारा लिहा. उंदरानं नेलं असेल.”

“उंदीर देठ कुरतडतो. हा देठ नखानं खुडलेला आहे.”

“सार, एका वांग्यासाठी! दुसऱ्या वर्षाची परवानगी गेली तर? आणि तुमची निवृत्ती दोन महिन्यांवर आलीये. पेन्शनीच्या कागदावर शेरा बसेल.”

तुळजाजींना त्या पोराची दया आली. त्याचे ओठ कोरडे पडले होते. स्वतःचेही पडले होते. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि एकेक अक्षर सावकाश लिहिलं: ‘एक फळ कमी. ३८/७. देठ हातानं खुडलेला. दुपारी जेवताना कुलूप मी नीट लावलं नव्हतं. कोणी नेलं: माहीत नाही.’ खाली सही केली.

घरी ते बसमधून आले. पान वाढलं तसं जेवले. ताराबाई त्यांच्या ताटात रसम वाढत होत्या आणि नेहमीपेक्षा जास्त वाढत होत्या. शेवटी हात धुऊन ते म्हणाले, “एक वांगं हरवलंय, आक्का. छत्तीस वर्षांत माझ्या हातनं काही हरवलं नव्हतं.”

ते ऐकून हरिप्रिया उठली. फ्रिज उघडला, दोशाच्या पिठाचं पातेलं बाजूला केलं, आणि मागून स्टीलचा एक डबा काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. आत वांगं होतं. अख्खं. देठाला पट्टी: ३८/७. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

“आत्या कापायलाच बसलेली, अप्पा. मी पट्टी बघितली. नको म्हटलं,” ती म्हणाली. “आत्या बोलली, त्याला आधी जेवू दे, मग सांग. म्हणून...”

तुळजाजींनी आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीवर आवाज चढवला. “आक्का! तुम्ही चोरी केलीत?”

“चोरी कसली? डोहाळा पुरवला,” ताराबाई पदर खोचून म्हणाल्या. “तुला एक विचारत्ये, तुळज्या. हे वांगं वाईट आहे, हे माहीत आहे?”

“नाही.”

“माहीत नाही, तरी पोरीला खाऊ देत नाहीस. जपून असावं म्हणून. होय ना? आता बाळाचे कान फुटणार नाहीत, हे तुला माहीत आहे?”

तुळजाजींनी वांग्याची पट्टी सरळ केली.

“मोजलेस कधी कान?”

“नाही मोजले.”

“मग तेही माहीत नाही! वांग्याला भ्यायचं आणि कानांना भ्यायचं नाही, हा कुठला न्याय रे?”

हरिप्रियाला हसू आवरेना. पोटावर हात ठेवून ती भिंतीला टेकली. तुळजाजी बहिणीच्या बोलण्यात खोट काढायला गेले आणि त्यांना ती चटकन सापडेना. शेवटी म्हणाले, “आक्का, तुमचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. पण वांगं परत जाणार. आणि रजिस्टरात ‘माहीत नाही’ लिहिलंय, ते आता खोटं झालं. कोणी नेलं, ते मला माहीत आहे.”

“मग लिही की माझं नाव. घाबरत्ये काय मी? उद्या मीच येत्ये.”

आणि आल्या. बुधवारी सकाळी मळ्यावर सरकारी जीप थांबली आणि तपासणीच्या प्रमुख वरलक्ष्मी मॅडम उतरल्या. करड्या केसांच्या, चष्मा नाकावर ओढलेला, हसण्याशी काही संबंध नसलेल्या. आणि समोर स्वागताला कोण? हिरवं रजिस्टर धरलेले तुळजाजी, पांढराफटक पडलेला मुरलीकृष्ण, आणि इस्त्रीची जरीकाठी नऊवारी नेसून, स्टीलचा डबा दोन्ही हातांनी धरून उभ्या असलेल्या ताराबाई.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. कालच्या नोंदीखाली सकाळची नवी नोंद होती: ‘३८/७ सापडलं. माझी बहीण ताराबाई हिनं माझ्या गर्भार मुलीसाठी नेलं होतं. कापलं नाही. खाल्लं नाही. बी सांडलं नाही. रात्रभर माझ्या घरच्या फ्रिजमध्ये होतं. वजन एकशे बारा ग्रॅम. खुडण्याआधीचं वजन: माहीत नाही.’

मॅडमनी ते दोनदा वाचलं. मग मागची पानं चाळली. कुठं ‘पाऊस, मोजता आलं नाही’, कुठं ‘अळी की अळीची कात, सांगता येत नाही’, कुठं ‘मधमाश्या अकरा, बारावी एक असावी, खात्री नाही’. मुरलीकृष्णानं डोळे मिटून घेतले होते.

“मी आजवर एकोणीस ठिकाणी तपासणी केली,” मॅडम तमिळमध्ये म्हणाल्या. “एकोणीस रजिस्टरं. सगळीकडे हरवलेली फळं: शून्य. शंका: शून्य. चुका: शून्य. मला दर वेळी वाटायचं, ही माणसं शेतात गेली तरी होती का?” त्यांनी चष्मा काढला. “हे विसावं. ह्यातलं मी सगळं खरं धरते. अळी लागली नाही असं जिथं लिहिलंय, तेही.”

मुरलीकृष्णानं एक डोळा उघडला.

“चूक ती चूकच,” मॅडम पुढं म्हणाल्या. “कुलपाची नोंद माझ्या अहवालात जाईल. दुसऱ्या वर्षाची शिफारस मी करीन. निर्णय वरचे घेतील, काय घेतील ते मलाही माहीत नाही.”

ताराबाईंना तेवढ्यानं समाधान झालं नाही. “अम्मा,” त्यांनी विचारलं, “तुम्ही एवढ्या शिकलेल्या. खरं सांगा, हे वांगं वाईट आहे?”

“अजून माहीत नाही, अम्मा.”

“बघा! हासुद्धा तेच म्हणतो,” ताराबाई भावाकडे बोट दाखवून म्हणाल्या, पण ह्या वेळी त्या बोटात थोडा अभिमान होता. “मी समजत होत्ये, ह्यालाच तेवढं माहीत नाही.”

नियमाप्रमाणे वांगं खड्ड्यात टाकलं, वर पेंढा घातला आणि काडी लावली. भाजलेल्या वांग्याचा असा काही खमंग वास सुटला की जमलेल्या प्रत्येकानं एकदा तरी आवंढा गिळला. ताराबाई हळहळून म्हणाल्या, “अय्यो, नुसतं मीठ-तेल असतं तर!” आणि वरलक्ष्मी मॅडम, ज्या हसत नसत, त्या तोंडाला रुमाल लावून जीपकडे वळल्या.

पुढं सगळं यथासांग झालं. चैत्रात तुळजाजी निवृत्त झाले, पेन्शनीच्या कागदावर कसलाही शेरा न बसता. मुरलीकृष्णानं त्यांना शाल आणि श्रीफळाबरोबर एक कोरं हिरवं रजिस्टर दिलं, आणि देताना त्याला रडू आलं. वैशाखात हरिप्रियाला मुलगी झाली. आषाढात दिल्लीचं पत्र आलं: दुसऱ्या वर्षाची परवानगी मंजूर. नियमांच्या बाडात एक नवा नियम मात्र घातलेला होता, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांना फाटकाच्या आत प्रवेश नाही. मुरलीकृष्णानं त्या पानाची प्रत घरी पाठवली. ताराबाईंनी ती तमिळमध्ये वाचून घेतली आणि देवांच्या तसबिरींशेजारी लावली. दिल्लीच्या सरकारनं आपल्यासाठी कायदा केला, असं त्या येईल-जाईल त्याला सांगतात.

त्याच संध्याकाळी ताराबाईंनी नातीला मांडीवर घेतलं, दिव्याजवळ नेलं आणि आधी उजवा, मग डावा कान उलगडून पाहिला. दोन्ही कोरडे ठणठणीत. “बघ तुळज्या! कान बघ! डोहाळा पुरवला म्हणून.”

“पण तिनं खाल्लं कुठं, आक्का?”

“आणलं होतं ना घरी? पोचला डोहाळा!”

“एकाच बाळावरनं कसं सांगता येईल?” असं म्हणत तुळजाजींनी कोरं हिरवं रजिस्टर पुढं ओढलं आणि पहिल्या पानावर तारीख घातली. ‘उजवा कान: कोरडा. डावा कान: कोरडा. कारण: माहीत नाही.’ मग नातीनं त्यांच्याकडे पाहून तोंडाचं बोळकं पसरलं, तसं त्यांनी लिहिलं, ‘हसली: एकदा.’ गेलेल्या बायकोची हनुवटी अगदी तशीच्या तशी त्या एवढ्याशा चेहऱ्यावर येऊन बसली होती. तुळजाजींनी डोळे पुसले, शेऱ्याच्या रकान्यात चार शब्द जास्तीचे लिहिले आणि रजिस्टर मिटायला लागले.

हरिप्रियानं ते खेचून घेतलं. तिला देवनागरी वाचता येत नसे, पण अप्पा तमिळमध्येच लिहीत. तिनं मोठ्यानं वाचलं, “‘शेरा: फार सुंदर आहे. नक्की.’ अप्पा! नक्की? तुम्ही?”

ताराबाईंनी संधी सोडली नाही. “काय रे तुळज्या, एकाच बाळावरनं कसं सांगतोस?”

तुळजाजींनी पेन खिशाला लावलं, बहिणीच्या मांडीवरून नातीला उचललं आणि तिला बाजारातली वांगी दाखवायला घेऊन गेले.